मोडलेली पिन घेऊन चाकणला

आधी मंगलताई साळवे यांचं नाव लिहितो, मग बाकीचं. त्या थेरगावला राहतात आणि भोसरीच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये धातू तपासायचं काम करतात. माझ्या नात्यागोत्यातल्या नाहीत, ओळखीच्याही नव्हत्या. त्यांच्यामागे सुधाकरचं नाव लिहितो. तो आमच्याच गावचा, चाकणला फोर्जिंगच्या कंपनीत असतो. माझं भलं करता करता त्याने मोठा घोटाळा केला, तरी त्याचं नाव लिहिणारच. त्याच्या खोलीत झोपलो आणि त्याच्या ताटात जेवलो, हे कसं विसरू?

परत आल्यापासून खाणीवरचा प्रत्येक गडी विचारतो, "भोजराज, तिकडं काय काय पाहिलं जी?" एकेकाला सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून काढतो आहे. मी आठवीत शाळा सोडली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बाहेरचं कोणी वाचलं तर कळावं म्हणून आधीचं थोडं सांगतो. आमच्याकडे, भंडाऱ्याच्या बाजूला, मॅंगनीजची एक लहान खाण आहे. खालून दगड भरलेले टब, म्हणजे चाकांचे लोखंडी डबे, उतारावरून दोरीने वर ओढतात. एक टब दुसऱ्याला जोडायला मधे मनगटाएवढी जाड पोलादी पिन असते. ओढायचं यंत्र माझा मोठा भाऊ हिवराजदादा चालवतो. एके दिवशी अशी एक पिन मधोमध तुटली, मागचे टब उतारावरून सुटले आणि गोपीचंदचा पाय त्यात सापडला. जीव वाचला, पण पाय पहिल्यासारखा होणार नाही. ठेकेदाराने दादाकडे बोट दाखवलं. म्हणाला, टब जास्त लावले म्हणून पिन तुटली. दादाला घरी बसवलं, वरून पोलिसात देण्याची भाषा. खाण-सुरक्षेचे साहेब चौकशीला आले होते, ते एवढंच म्हणाले की लॅबचा कागद असेल तर सुनावणीला आणा, मी वाचीन.

पिनेचे दोन तुकडे भंगारात फेकले होते, ते गड्यांनी उचलून ठेवले होते. नागपुरात एकदोन ठिकाणी विचारलं, तर खाणीच्या भांडणात कोणाला पडायचं नव्हतं. तेव्हा सुधाकर फोनवर म्हणाला, "इकडं घेऊन ये. आमची कंपनी जिथं पीस पाठवते तिथं एक ताई आहेत. त्या बघतील."

चाकण

गाडीचं काही सांगत नाही. तुकडे दुपट्ट्यात गुंडाळून पिशवीत घातले होते आणि पिशवी मांडीवर. डोळा लागला की दचकून हात लावून बघायचो. मधेच तुकडे बाहेर काढून एकमेकांवर बसवून बघायचो, नीट बसतात का. कशासाठी, ते मलाही सांगता येत नाही. काळजीत माणूस काहीतरी हाताने करत बसतो.

चाकणच्या रस्त्यावर पहिल्यांदा काय दिसलं असेल तर थांबलेल्या गाड्या. कांद्याने भरलेला ट्रक, त्याच्यामागे नव्या कोऱ्या मोटारी दोन मजल्यांवर रचून नेणारा लांबलचक ट्रेलर, त्याच्यामागे पुन्हा कांदा. सगळे एकाच रांगेत, सगळे सारखेच वैतागलेले. आमच्याकडे रस्त्यावर म्हैस बसली तर तिला उठवता तरी येतं.

सुधाकरची खोली म्हणजे पत्र्याच्या चाळीतली एक लांबट खोली. माणसं जास्त आणि गाद्या कमी. एक शिफ्टला जातो, त्याच्या गरम गादीवर शिफ्टवरून आलेला आडवा होतो. कोणी लातूरचा, कोणी बीडचा, कोणी बिहारचा. चाळीची मालकीणबाई तिथल्याच जुन्या गावातली म्हातारी. मला नळावर बघून म्हणाली, "कुठनं आलास?"

"भंडाऱ्याहून."

"लई लांब असंल. तिकडं कंपन्या न्हाईत व्हय?"

"खाणी आहेत, मावशी."

"मग सोनं सोडून इकडं कशाला मरायला आला?"

खाण म्हटलं की सोन्याचीच, असं तिला वाटलं. मीही खुलासा केला नाही. अंगात त्राण नव्हतं.

सकाळी नाश्त्याला पोहे आणले. वर तर्रीचा झणझणीत रस्सा नाही! विचारलं तर टपरीवाला माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. जेवणात भात शेवटी येतो, तोही चमचाभर, जणू औषध. आम्ही भातावर वाढलेली माणसं. चार चपात्या खाऊनही मला जेवल्यासारखं वाटेना. सुधाकर हसून म्हणाला, "सवय होते बे. मले आता भात खाल्ला की झोप येते."

मी पोचलो तो बुधवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून मी लॅबला जायला तयार. सुधाकर अंथरुणातूनच म्हणाला, "आज गुरुवार आहे."

"मग?"

"गुरुवारी इथं सुट्टी असते. एमआयडीसी बंद. लॅबही बंद."

आमच्याकडे सुट्टी रविवारची. आठवड्याच्या मधोमध अख्खा कारखान्यांचा मुलूख झोपतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सुनावणी जवळ आलेली आणि एक दिवस फुकट गेला, म्हणून जीव नुसता कासावीस झाला. दुपारी कसाबसा डोळा लागला. चाकणला येऊन झोपलो तो तेवढाच नीट.

उठलो तर सुधाकर दारात उकिडवा बसलेला. पायाखाली पिनेचा एक तुकडा दाबून धरलेला, हातात कानस, शेजारी पॉलिश पेपरचे तुकडे आणि घासलेटची बाटली. घामाने भिजला होता. तुकड्याचं मोडलेलं तोंड आरशासारखं चमकत होतं.

"बघ," तो म्हणाला, "कसं केलं! गंज चढला होता नुसता. लॅबला पीस असा द्यावा लागते. आम्ही रोज देतो. घाण पीस दिला तर तिथून शिव्या येतात."

मी त्याचे हातच धरले. एवढा दमून सुट्टीचा दिवस, आणि तो माझ्यासाठी घासत बसला. "दुसरा पण करून टाकतो," तो म्हणाला. "पण कानस पार बसली. पिनेच्या एका बाजूला तर लागतच नाही रे, नुसती सरकते."

मी म्हटलं, "राहू दे, थकला तू. एक चमकला ना, पुष्कळ झालं."

थकव्याने माणसाचं कधी कधी भलं होतं, ते असं.

भोसरी

शुक्रवारी सुधाकर पहिल्या शिफ्टला गेला आणि मी बस बदलत बदलत भोसरीला. लॅब म्हणजे मला वाटलं होतं दवाखान्यासारखं काही असेल. एका गाळ्यात खाली यंत्रं, वर काचेची खोली. मंगलताई बाहेर आल्या. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, अंगावर निळा कोट, पायात जाड बूट. मी "नमस्कार मॅडम" म्हणून पिशवी पुढे केली. त्यांनी दुपट्टा सोडला आणि चमकणारा तुकडा उजेडाकडे धरून उलटसुलट बघितला.

"हे कोणी घासलं?"

मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. सांगता सांगता त्यांचा चेहरा बघून आवाज खाली गेला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "पिन कशी तुटली ते त्या तोंडावर लिहिलेलं होतं. तुमच्या मित्राने ते पुसलं."

मी खाली बसलो. खरंच बसलो, फरशीवर. दादाचं तोंड डोळ्यांपुढे आलं. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग म्हणाल्या, "त्याची काय चूक? तो रोज जे पीस पाठवतो ते कशाचे बनलेत हे तपासायला येतात. ते घासावेच लागतात. मोडलेल्या वस्तूचं उलट असतं. पुसायची नाही, तेल लावायचं नाही, दोन तुकडे एकमेकांवर बसवूनसुद्धा बघायचे नाहीत."

गाडीत मी तेच केलं होतं, ते आधी लपवलं. मग राहवलं नाही, सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला, पण हसल्या. "अजून काही केलंत? हळदकुंकू वाहिलंत?"

"नाही ताई, तेवढं राहिलं."

मॅडमचं ताई झालं ते तेव्हा.

दुसरा तुकडा गंजलेला होता, पण शाबूत होता. ताईंनी एक पातळ पारदर्शक पट्टी कसल्याशा द्रावात मऊ केली, तोंडावर दाबून बसवली, सुकू दिली आणि हलकेच सोलली. गंज पट्टीला चिकटून आला. असं पुन्हा पुन्हा. आमच्याकडे वीतभर काम असलं की घणाने उरकतात. इथे एका तळव्याएवढ्या जागेसाठी बाई श्वास रोखून बसलेली.

वाट बघताना त्यांनी मला एक कपाट दाखवलं. आत सगळ्या मोडलेल्या वस्तू, एकेक डबीत, डबीत ओल शोषणारी पुडी. बोल्ट, स्प्रिंगा, गाडीचा तुटलेला आस. नोकरी सांभाळून त्या यावरच संशोधन करतात, वेल्डिंगने भरून दुरुस्त केलेल्या वस्तू पुन्हा का मोडतात यावर. म्हणाल्या, "पूर्वी खाणीत काय, फाउंड्रीत काय, मोडलं की भंगारात आणि भंगार भट्टीत. काय चुकलं होतं तेही वितळून जायचं. आणि पुढची वस्तू पुन्हा तशीच बनायची. माझे वडील पिंपरीत ओतकाम करायचे. भट्टीत भंगार टाकताना म्हणायचे, आज कुणाकुणाचं पाप वितळवलं देव जाणे."

मग म्हणाल्या, "तुमची मॅंगनीजची खाण ना? पोलादात मॅंगनीज घालतातच. या पिनेतही असेल थोडं. तुमच्याकडचंही असू शकेल."

मी इतकी वर्षं तो काळा दगड उपसतो. तो पुढे कुठे जातो ते मला कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

दुपारी त्यांनी मला भिंगातून बघायला लावलं. "काय दिसतं?"

आमचा जिल्हा तलावांचा आणि बोड्यांचा, म्हणजे लहान तळ्यांचा. मी म्हटलं, "उन्हाळ्यात बोडीचं पाणी उतरत जाते, तेव्हा काठाला रेघा राहतात ना, तशा रेघा आहेत. एकात एक."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "बरोबर. पिन एकदम तुटली नाही. एका कडेला चीर पडली आणि रोज टब ओढताना थोडी थोडी पुढे सरकत गेली. या रेघा म्हणजे तिचे मुक्काम. हा सगळा जुना भाग. शेवटी एवढीशी जागा धरून होती, ती त्या दिवशी सुटली."

मी विचारलं, "म्हणजे दादा सुटला?"

त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. "चीर सुरू का झाली, ते कळायला हवं. रेघा या कडेला जातात, पण नेमकी ही कडच घासली गेली आहे, दोन तुकडे एकमेकांवर आपटून."

म्हणजे माझ्यामुळे. मी मान खाली घातली. तेव्हा मला सुधाकरची कानस आठवली आणि मी बोलून गेलो, "ताई, सुधाकर म्हणत होता पिनेच्या एका बाजूला कानस लागतच नव्हती. सरकत होती."

ताई ताडकन उठल्या. "कोणती बाजू? त्याला विचारा."

पण कंपनीत आत फोन नेऊ देत नाहीत, गेटवरच ठेवून घेतात. शिफ्ट सुटेपर्यंत मी लॅबच्या पायरीवर बसून राहिलो. शेवटी त्याचा फोन आला. घासलेलं कळल्यावर बिचारा रडायच्या घाईला. "मी तुया भावाला मारलं का रे?"

"तसं काही नाही. कोणत्या बाजूला सरकत होती ते सांग."

"जिथं कड थोडी फुगीर होती ना, तिथं. घोड्याच्या नालेसारख्या भागात."

ताईंनी घासलेला तुकडा हातात घेतला. "हा वाया गेलाच आहे, तर आता पूर्ण घासू." चाकावर त्यांनी त्याला सुधाकरपेक्षा दहापट चमकवला आणि त्यावर एक पातळ आम्ल फिरवलं. बघता बघता चकचकीत तोंडावर नालेच्या आकाराचा करडा डाग उमटला, जसा ओल्या भिंतीवर उमटतो. झिजलेली पिन कोणीतरी वेल्डिंगने भरून पुन्हा जाड केली होती. ताई म्हणाल्या, असलं पोलाद आधी तापवून न घेता भरलं की भरलेल्याच्या खालचा पट्टा काचेसारखा कडक होतो. कानस लागत नाही आणि चीर मात्र लागते.

पिना भरून वापरणं आमच्या खाणीत कोणाला नवीन आहे? ठेकेदाराच्या वर्कशॉपात रोज भरतात. नवी मागितली तर म्हणतात, लोखंड आहे, भरलं की झालं.

थेरगाव

शनिवारी ताईंनी मला घरी जेवायला बोलावलं. डांगे चौकातल्या बाजारातून वाट काढत गेलो. भाजीवाल्यांची ओरड, वर पुलावरून गाड्यांची ओळ. डोकं भणभणलं होतं. दारात मी "जयभीम" म्हटलं, आतून ताईंच्या आईने "जयभीम, या" म्हटलं आणि घराबाहेर पडल्यापासून पहिल्यांदा खांदे खाली आले. ताईंनी मुद्दाम भात जास्त लावला होता. सुधाकरनेच फोन करून सांगितलं असणार.

जेवण झाल्यावर त्यांनी कागद वाचून दाखवला. सगळं होतं. पण पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की तुकडे सील केलेले नव्हते, एक तोंड मोडल्यानंतर कानशीने घासलेलं आहे आणि दुसऱ्याची कड हाताळणीत घासली आहे.

मी हात जोडले. "ताई, एवढं नका लिहू. ठेकेदार म्हणेल आम्हीच पुरावा बिघडवला."

"म्हणेलच."

"मग?"

"मग मी लिहिलं नाही आणि त्याने विचारलं, तर बाकीचं सगळं खोटं ठरेल. आणि मी तर ठरेनच." कागद खाली ठेवून त्या म्हणाल्या, "अजून एक. त्या दिवशी टब जास्त होते का?"

हा प्रश्न मी दादाला कधी विचारलाच नव्हता. भीती वाटायची. त्यांच्याच गॅलरीत जाऊन फोन लावला.

दादा म्हणाला, "होता एक जास्त. रोजच असते. मुकादम लावायला लावते, नाही म्हटलं तर दुसऱ्याला बसवते यंत्रावर. त्यांना सांगून टाक, लपवू नको. घरात बसून बसून मले तेच खाऊन राहिलं."

मी आत जाऊन सांगितलं. ताईंनी तेही लिहिलं. एक टब जास्त होता असं चालकाने स्वतः सांगितलं, पण पिनेचा बराचसा भाग त्याआधीच तुटलेला होता आणि धड पिन एवढ्या ओझ्याने तुटण्याची शक्यता फार कमी. "नाहीच तुटणार" असं लिहा म्हटलं, तर म्हणाल्या, "तेवढं मला माहीत नाही."

त्या कागदाने दादा सुटेल की अडकेल, मला कळेना. परतीच्या गाडीत मी तुकड्यांना हातही लावला नाही. ताईंनी ते डबीत बंद करून सही केलेली पट्टी चिकटवली होती.

परत

सुनावणीला ठेकेदाराचा माणूस उठला आणि तेच बोलला, "साहेब, या लोकांनी पीस कानशीने घासलाय. याला काय अर्थ?" साहेबांनी चष्मा वर केला. "ते पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. तुम्ही कागद वाचलाच नाही का?" मग त्यांनी त्यालाच विचारलं, पिना भरायला कोणी सांगितलं? तो आता कुठे कागद चाळायला लागला. जास्तीच्या टबबद्दल दादाला ताकीद मिळाली, मुकादमालाही. पण पिन तुटल्याचं खापर दादावरून उतरलं. उतारावरच्या सगळ्या पिना काढून तपासायचा हुकूम झाला. दादा यंत्रावर परत गेला आहे. आता टब मोजल्याशिवाय दोरी हलवत नाही, मुकादम काही का बोलेना.

गोपीचंदचा पाय मात्र तसाच आहे. त्याच्या घरी गेलो की मला कागदाबद्दल बोलवत नाही. नुसता बसून येतो.

त्या संध्याकाळी ताईंना फोन केला. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी पहिलं विचारलं, "नव्या पिना आणल्या का? कुठून?" सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "भोजराजभाऊ, खरं सांगू? इतकी वर्षं खनिज, धातू करतेय, पण खाण मी पुस्तकातच बघितली. माझ्यापर्यंत सगळं मोडल्यावरच येतं."

ताई, तुम्ही हे वाचाल की नाही ठाऊक नाही. पण आमच्या सगळ्या गड्यांसमोर लिहून ठेवतो. एक दिवस मी तुम्हाला आमची खाण दाखवीन. त्या दिवशी सकाळी मी आधी एकटा उतरेन, वरपासून खालपर्यंत एकेक पिन स्वतः हात लावून बघेन, आणि मगच तुम्हाला खाली या म्हणेन.